ठिपक्यासमोर ठिपका

३६ ला १८ ने भागलं तर किती? दोन! एवढं सोप्पं काय विचारता, असं म्हणाल. पण पेट्रोलवर धावणारी जवळजवळ प्रत्येक मोटार याच उत्तरावर चालते. भागाकार करायला तिच्या इंजिनात दोन दातेरी चाकं असतात. समजा लहान चाकाला १८ दात आहेत आणि मोठ्याला ३६. पुष्कळ गाड्यांत दोघांवरून एकच साखळी फिरते. लहान चाकाच्या दोन फेऱ्या झाल्या की मोठ्याची एक होते. गाडी नवी असल्यापासून भंगारात जाईपर्यंत, कोट्यवधी वेळा, हा हिशेब न चुकता व्हावा लागतो. या साखळीला म्हणतात टायमिंग चेन.

आणि मग एक दिवस ती सैल पडते. मग? मग बदलायची. दोन्ही चाकांसकट, आणि तीही घरी!

आज आपण तेच करणार आहोत, कागदावर का होईना. त्यासाठी जाऊ या अमेरिकेत, कारण आपली गाडी आपणच उघडून बसायची तिकडे जुनी हौस आहे. पुष्कळ घरांना गाडी ठेवायची वेगळी खोली असते. मेकॅनिकची तासाची मजुरी ऐकली की माणूस आपसूक पान्हा उचलतो. शिवाय सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांतून क्वचित लागणारी अवजारं अनामत भरून घरी नेता येतात. काम झालं की अवजार परत, पैसे परत. (ही सोय आपल्याकडे गल्लोगल्ली हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.)

गाडी शेवरोलेची घेऊ. तिचं ‘स्मॉल ब्लॉक’ नावाचं इंजिन पहिल्यांदा १९५५ सालच्या गाड्यांत बसलं. एड कोल नावाच्या इंजिनिअरच्या पथकानं ते तयार केलं होतं. आठ सिलिंडर, चार या बाजूला तिरपे, चार त्या बाजूला तिरपे. हे इंजिन इतकं चाललं, की २०११ साली त्याच्या घराण्यातलं १० कोटीवं इंजिन कारखान्याबाहेर पडलं. आपण उघडणार आहोत ते १९७० च्या दशकातलं, ५.७ लिटरचं. आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ०.८ लिटरचं असे. म्हणजे या एका बॉनेटखाली साताहून जास्त मारुत्या मावल्या!

पण पान्हा हातात घेण्याआधी एका गोष्टीचा उलगडा व्हायला हवा. चाकांचं प्रमाण दोनास एक असंच का? तीनास एक का नाही?

उत्तर सिलिंडरमध्ये आहे. तिथे पिस्टन वरखाली करत असतो. तो खाली उतरतो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर येताना ते मिश्रण दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो तेव्हा जळका धूर बाहेर लोटतो. झाल्या चार खेपा. अशा चार खेपांवर चालणारं इंजिन निकोलाउस ऑटो या जर्मन माणसानं १८७६ साली नीट चालवून दाखवलं, आणि पेट्रोलच्या गाड्या अजून त्याच्याच वाटेनं जातात.

आता मोजा हं. पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर गेला की त्याला जोडलेला खालचा जाडजूड दांडा, म्हणजे क्रँक, एक फेरी मारतो. चार खेपांना क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. पण तेवढ्या वेळात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायचा फक्त एकदा, आणि धूर सोडणाराही एकदाच. व्हॉल्व्ह उघडायचं काम करतो कॅमशाफ्ट, म्हणजे जागोजागी फुगवटे असलेला एक लांब दांडा. फुगवटा वर आला की तो व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी झाली पाहिजे. म्हणून क्रँकवर १८ दातांचं चाक आणि कॅमवर ३६ दातांचं!

वेगाचा अंदाज घ्यायचाय? मिनिटाला ३००० फेऱ्यांनी इंजिन चालू आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला क्रँकच्या ५० फेऱ्या आणि कॅमच्या २५. आपल्या इंजिनात १६ व्हॉल्व्ह आहेत. १६ गुणिले २५ म्हणजे ४००. ‘एक’ म्हणायला लागतो तेवढ्या वेळात ४०० वेळा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. तोही आपापल्या ठरल्या क्षणी.

दोरीउड्या खेळताना दोघी दोरी फिरवतात आणि तिसरी मध्ये शिरते, तेव्हा दोरी वर असतानाच शिरावं लागतं. क्षणभर उशीर झाला की दोरी पायात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचंही तसंच असतं. काही इंजिनांत दोघांची जागा सिलिंडरच्या डोक्याशी एकच असते. व्हॉल्व्ह मिटून बाजूला व्हायच्या आत पिस्टन वर आला, तर थेट टक्कर! वाकलेला व्हॉल्व्ह काही सरळ होत नाही. सगळीच इंजिनं अशी नसतात, पण ज्यांची असतात त्यांचे मालक टायमिंग चेनचं नाव काढलं की गंभीर होतात.

बरं, लोखंडाची साखळी सैल कशी पडते? ती रबरासारखी ताणली जाते का? गॅरेजमध्ये ‘चेन ताणली’ असंच म्हणतात, पण पोलाद तसं ताणलं जात नाही. झिजतात ते सांधे. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक छोटी पिन असते आणि ती आपल्या भोकात फिरत असते. दर फेरीला ती किंचित घासली जाते. एका सांध्याची झीज एखाद्या केसाच्या जाडीएवढी, मोजायलाही सूक्ष्म उपकरण हवं. पण साखळीत सांधे पुष्कळ. सगळ्यांचे केस एकापुढे एक ठेवले की साखळी डोळ्यांना दिसेल इतकी लांब झालेली असते. क्रँक तिला ओढतो, तिची ओढणारी बाजू लांबलेली, त्यामुळे कॅम मागे रेंगाळतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, चढावर दम सोडते. साखळी फारच सैल झाली तर एखादा दात ओलांडून पुढच्या दातावर जाऊन बसते. एका दातानं काय होणार? ३६० भागिले ३६ म्हणजे १०. कॅम १० अंश चुकला, आणि क्रँकच्या हिशेबानं २० अंश! इंजिनाच्या दुनियेत २० अंश म्हणजे भलताच मोठा उशीर.

साखळी सैल झालीय हे इंजिन न उघडता ओळखायची एक युक्ती आहे, आणि या सगळ्या कामात मला ती सर्वांत जास्त आवडते. या जुन्या इंजिनाच्या मागच्या बाजूला डिस्ट्रिब्यूटर नावाचा डबा असतो. आठ प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणं हे त्याचं काम. त्याच्या आत एक फिरता हात असतो, त्याला म्हणतात रोटर. या रोटरला फिरवतो कॅमशाफ्ट. म्हणजे बघा, पुढे क्रँक, मध्ये साखळी, मग कॅम आणि शेवटी रोटर. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं. एकानं पुढच्या बाजूनं क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून इंजिन हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्यानं रोटरवर नजर ठेवायची. रोटर हलला की थांबायचं. क्रँकच्या तोंडाशी असलेल्या जड चाकावर एक रेघ असते आणि शेजारी अंशांच्या खुणा असलेली पट्टी. आकडा वाचून ठेवायचा. आता पान्हा उलट दिशेनं फिरवायचा. क्रँक हलतोय, रेघ सरकतेय... पण रोटर ढिम्म! आधी साखळीची सैल बाजू ताठ होणार, मगच कॅमला ओढ बसणार. रोटर हलेपर्यंत रेघ किती अंश सरकली, तेवढी साखळी सैल. दहाबारा अंश असे रिकामे गेले, तर साखळीचे दिवस भरले असं समजतात.

आता उघडायला लागू. हे काम मोठ्या माणसाचं, बरं का. तुमच्याकडे टॉर्च धरायचं आणि बोल्ट सांभाळायचं खातं. हे दुय्यम खातं नाही. काम संपल्यावर एक बोल्ट उरला तर सगळे आधी तुमच्याकडेच बघणार! म्हणून प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा.

इंजिन पूर्ण गार हवं. सर्वांत आधी बॅटरीची वायर काढायची. मग रेडिएटरमधलं कूलंट खाली पसरट भांड्यात काढायचं. हे रंगीत पाणी चवीला गोडसर असतं म्हणतात, आणि असतं मात्र विषारी. कुत्री-मांजरं गोडीनं चाटतात आणि जिवाला मुकतात. म्हणून हल्ली पुष्कळ ठिकाणी त्यात मुद्दाम कडू पदार्थ मिसळतात. तरी जमिनीवर एक थेंबही राहू द्यायचा नाही आणि ते भांडं उघडं ठेवायचं नाही. मग पंखा, पट्टे, रेडिएटर, चार बोल्टवर बसलेला पाण्याचा पंप, असं एकेक काढत जायचं. यात वेळ जातो, सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं येतं ते क्रँकच्या तोंडाशी बसलेल्या त्या जड चाकाशी. याला म्हणतात बॅलन्सर. क्रँकच्या दर फेरीला इंजिनात चार भडके उडतात, आणि प्रत्येक भडक्याला क्रँक अगदी किंचित पिळला जातो. जाड पोलादाचा दांडा पिळला जातो, हे खरं वाटत नाही ना? पण ते खरं आहे, आणि हा पीळ वाढत गेला तर दांडा तुटू शकतो. म्हणून या चाकाच्या मधल्या भागाभोवती रबराचा थर आणि त्यावर लोखंडाचं जड कडं बसवलेलं असतं. ते कडं रबरावर डुलतं आणि पीळ जिरवून टाकतं. हे चाक क्रँकवर इतकं घट्ट बसलेलं असतं, की हातानं निघायचं नाव नाही. इथे अनामत भरून आणलेलं चाक ओढून काढायचं अवजार लागतं, त्याला म्हणतात पुलर. पुलरचे बोल्ट चाकाच्या मधल्या भागात बसवायचे, मधला स्क्रू क्रँकवर टेकवून पिळायचा, की चाक इंच-इंच पुढे येतं. घाई करून कोणी बाहेरच्या कड्याला धरून ओढलं, तर रबर फाटतं आणि चाक बाद होतं. हातोडा तर नकोच.

त्यामागे पत्र्याचं झाकण दिसेल, त्याला छोटे छोटे बोल्ट. ते काढले की... या, टॉर्च जवळ आणा!

वरती मोठं चाक, खाली लहान चाक, दोघांवर काळपट तेलानं माखलेली साखळी. बोटानं दाबली की अर्धा इंच आत जातेय. मोठ्या चाकाचे दात नीट बघा. मधला भाग चमकदार अॅल्युमिनियमचा, पण दात? दात मळक्या पिवळट रंगाचे, आणि काही ठिकाणी चक्क गायब. कारण हे दात प्लॅस्टिकचे आहेत. नायलॉनचे!

इंजिनाच्या पोटात नायलॉन कशाला? त्याची गोष्ट गमतीची आहे. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तयार झालं. १९३८ मध्ये त्याचे टूथब्रश बाजारात आले, १९४० मध्ये बायकांचे पायमोजे. पुढे मोटारवाल्यांना वाटलं, लोखंडाच्या दातांवर लोखंडाची साखळी फिरते तेव्हा आवाज होतो आणि गिऱ्हाईक शांत गाडी मागतं, मग दात नायलॉनचे का करू नयेत? १९६० च्या दशकापासून कितीतरी अमेरिकन इंजिनांत असे दात आले. आवाज खरंच कमी झाला.

पण इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्या तेलात वर्षानुवर्षं भिजून आणि भाजून नायलॉन ठिसूळ होतं. दातांना चिरा जातात, तुकडे पडतात. पडून जातात कुठे? खाली, तेलाच्या चेंबरमध्ये. तिथे तेलाच्या पंपाचं तोंड असतं आणि त्यावर जाळी. नायलॉनचे तुकडे त्या जाळीत जाऊन बसले की पंपाला तेल मिळत नाही, आणि तेलावाचून इंजिन काही मिनिटांत स्वतःला खाऊन टाकतं. शांततेसाठी बसवलेल्या दातांनी अख्ख्या इंजिनाचा घात! यात त्या इंजिनिअरांना मूर्ख ठरवायला मात्र मी तयार नाही. त्यांनी पहिल्या काही वर्षांचा विचार केला होता आणि तेवढी वर्षं गाडी छान चालत होती. ती त्याहून पुष्कळ जास्त टिकवली लोकांनीच.

म्हणून शहाणा दुरुस्तीवाला इथे थोडा गुप्तहेर होतो. चाकावरचे किती दात कमी आहेत ते मोजतो, चेंबर काढून त्यातल्या गाळात हात घालतो आणि पिवळे तुकडे वेचून फडक्यावर मांडतो. दातांचा हिशेब जुळला, जाळी धुतली, की मगच पुढे.

जुनी चाकं काढायची वेळ आली. त्याआधी खालच्या उघड्या जागेत स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर निसटलेला बोल्ट थेट चेंबरमध्ये आंघोळीला जातो. मोठं चाक तीन बोल्टवर बसलेलं असतं, ते काढले की साखळीसकट हातात येतं. लहान चाक क्रँकवर घट्ट असतं, शिवाय ते घसरू नये म्हणून खाचेत लोखंडाची छोटी चावी असते. पुन्हा पुलर.

नवं लहान चाक बसवायची एक मजेदार रीत आहे. चाकाचं भोक आणि क्रँकचं टोक दोन्ही सुमारे सव्वा इंचाची, भोक जरासं लहानच. मग ते जाईल कसं? चाक गरम तेलात तापवायचं! लोखंड तापलं की फुगतं, आणि त्यातलं भोकही मोठं होतं. लहान नाही हं, मोठंच. शंभर अंशांनी तापवलं तर सव्वा इंचाचं भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरनं रुंदावतं, म्हणजे अर्ध्या केसाएवढं. तेवढं पुरतं. जाड हातमोजे घालून चाक पटकन सरकवायचं. गार झालं की ते क्रँकला असं मिठी मारतं, की काढायला पुन्हा पुलरच.

आणि आता सगळ्या कामाचा जीव. दोन्ही नव्या चाकांवर एकेक बारीक ठिपका कोरलेला असतो. लहान चाकाचा ठिपका वरच्या बाजूला यायला हवा आणि मोठ्याचा खालच्या. म्हणजे दोन ठिपके एकमेकांसमोर, दोन्ही चाकांचे मध्य आणि दोन ठिपके अशा चौघांमधून एक सरळ रेघ काढता आली पाहिजे. तशी साखळी दोघांवर चढवून मोठं चाक कॅमवर बसवायचं. त्यातली एक छोटी पिन चाक चुकीच्या जागी बसूच देत नाही, पण साखळी एक दात पुढेमागे चढवणं मात्र तुमच्या हातात असतं. म्हणून वाकून, डोळा बरोबर चाकांसमोर आणून बघायचं. बाजूनं बघितलं की फसगत होते.

आता हातानं क्रँकची एक पूर्ण फेरी मारा. लहान चाकाचा ठिपका परत वर आला. पण मोठ्याचा? तो खाली नाहीच! तो आहे सगळ्यात वर. घाबरू नका, आपल्या भागाकाराचंच हे काम आहे. क्रँकची एक फेरी, कॅमची अर्धी. अजून एक फेरी मारा, ठिपके पुन्हा समोरासमोर येतील. आले, तर साखळी बरोबर बसली.

याच जागी घरी काम करणारे कितीतरी लोक फसतात. ठिपके समोरासमोर आले म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगीची पाळी, असं त्यांना वाटतं. या इंजिनात ती पाळी असते सहाव्याची! ठिणग्यांचा क्रम असा आहे: १, ८, ४, ३, ६, ५, ७, २. पहिल्यापासून मोजत या. सहावा येतो बरोबर चार पाळ्यांनंतर, आणि एका फेरीत चार पाळ्या होतात. म्हणजे दोघांत नेमकं एका फेरीचं अंतर आहे. मोठ्या चाकाचा ठिपका वर गेला की मग पहिल्याची पाळी येते. हे विसरून कोणी डिस्ट्रिब्यूटर काढून चुकीच्या पाळीवर बसवला, तर इंजिन सुरू होण्याऐवजी धाडकन फटाका वाजवतं.

तेल झिरपू नये म्हणून झाकणाला नवं गॅस्केट आणि नवं ऑइल सील लावायचं, मग काढलेलं सगळं उलट्या क्रमानं चढवायचं. नवं तेल, नवं कूलंट, बॅटरीची वायर. आणि चावी फिरवायची.

इंजिन सुरू झालं तरी काम संपत नाही. इतके दिवस कॅम मागे रेंगाळत होता. त्याच्याबरोबर डिस्ट्रिब्यूटर आणि ठिणगीही उशिरा येत होती. आता कॅम वेळेवर आला, म्हणजे ठिणगीची वेळही बदलली. ती नीट लावायची तर फिरत्या इंजिनावरची रेघ वाचता आली पाहिजे. मिनिटाला ७०० फेऱ्या मारणाऱ्या चाकावरची रेघ डोळ्यांना दिसेल का? नुसती धूसर पट्टी दिसते.

इथे टायमिंग लाइट नावाची पिस्तुलासारखी बत्ती येते. तिचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरला लावायचा. त्या वायरीतून ठिणगी गेली, की त्याच क्षणी बत्ती लखकन चमकते. पहिल्या प्लगची ठिणगी दर दोन फेऱ्यांनी एकदा पडते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा वेळा. आणि दर वेळी बत्ती लागते तेव्हा चाक नेमकं त्याच जागी आलेलं असतं. त्यामुळे बत्ती चाकावर धरली, की जादू होते. गरगर फिरणारं चाक जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं! रेघ स्वच्छ, आकडे वाचता येतात. (चुकूनही बोट लावायचं नाही. चाक फिरतच असतं, थांबलेत फक्त आपले डोळे.) साखळी सैल होती तेव्हा याच उजेडात रेघ पुढेमागे थरथरत होती. आता ती स्थिर. बॉनेटखाली कंपनीनं चिकटवलेल्या कागदावर ठिणगीचा आकडा दिलेला असतो. रेघ त्या आकड्यावर येईपर्यंत डिस्ट्रिब्यूटर हलकेच वळवायचा आणि घट्ट करायचा.

आपल्याकडे हे सगळं कुठे बघायला मिळेल? शेवरोले शोधत फिरू नका. कोपऱ्यावरच्या दुचाकीच्या गॅरेजमध्ये डोकवा. स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलीच्या इंजिनातही टायमिंग चेन असते. ‘खरखर येतेय, टायमिंग चेन बघावी लागेल,’ हे वाक्य तिथे कधी ना कधी ऐकू येईलच. जुन्या मारुती ८०० मध्ये मात्र साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा होता. पट्टा हलका आणि शांत, पण ठरावीक किलोमीटर झाले की न चुकता बदलावा लागतो. तो तुटण्याआधी खरखर करून कळवत वगैरे नाही. मला विचाराल तर मी साखळीच्या बाजूनं.

आणि साखळीची झीज स्वतःच्या हातानं मोजायची असेल, तर तुमची सायकल आहेच की. हान्स रेनोल्ड नावाच्या स्विस माणसानं इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये १८८० साली जी रोलर चेन बनवली, तिचीच लेक सायकलवर फिरते. तिच्या एका पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे २४ दुवे मोजले तर १२ इंच, म्हणजेच ३०४.८ मिलिमीटर. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी थोडक्यात अपुरी पडते, म्हणून पोलादी टेप घ्या. शिवणाची कापडी टेप नको, ती स्वतःच ताणलेली असते. सायकल उभी करा, पेडल दाबून साखळीची वरची बाजू ताठ धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. ३०५ च्या आसपास आलं, तर उत्तम. ३०६ च्या वर गेलं, तर साखळी बदलायला झाली. ते जास्तीचं सव्वा-दीड मिलिमीटर २४ सांध्यांत वाटून बघा, प्रत्येकाच्या वाट्याला एका केसाची जाडी येईल. ३०८ च्याही पुढे गेलं असेल, तर दातेरी चाकंही झिजलेली असणार. झिजलेल्या दातांवर नवी साखळी चढवली तर ती नीट बसत नाही, घसरते आणि लवकर खराब होते. म्हणून दुकानात पूर्ण ‘सेट’ मागायचा. मोजताना हात काळे होतील. ते आधी कोरड्या फडक्यानं पुसा आणि मग साबण लावा. फक्त ते फडकं स्वयंपाकघरातलं नाही ना, तेवढं बघून घ्या!